अमेरिकेतील ऐतिहासिक निवासस्थानांमधील कलात्मक काच : प्रकाश, रचना आणि श्रेय

प्रस्तावना :
रंगीत काच म्हटली की युरोपातील मध्ययुगीन चर्च डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही कला घराच्या जिन्यात, भोजनगृहात व दिवाणखान्यात आली. या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काचेतील बदल :
पारंपरिक पद्धतीत पारदर्शक रंगीत काचेवर चित्रांचे बारकावे रंगविले जात. जॉन ला फार्ज व लुई कम्फर्ट टिफनी यांनी दुधाळ झाक असलेल्या ओपलेसंट काचेचा वापर रूढ केला. या काचेत रंगांच्या छटा अंगभूतच असल्याने रंगविण्याचे काम बरेच कमी झाले. शिवाय ती प्रकाश आत घेते, परंतु आरपार दृष्टी जाऊ देत नाही. दाटीवाटीच्या शहरी घरांना हा गुण विशेष उपयुक्त ठरला. ला फार्ज यांना १८८० मध्ये, तर टिफनी यांना १८८१ मध्ये यासंबंधीचे पेटंट मिळाले. काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी लावून डाख देण्याच्या पद्धतीमुळे दिव्यांच्या छत्र्यांवर बारीक पाना-फुलांची नक्षी शक्य झाली.

राइट यांची दृष्टी :
फ्रँक लॉइड राइट यांनी काच वास्तूचाच घटक मानली. इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील डाना-थॉमस हाउसमध्ये (१९०२-०४) सुमारे ४५० काचकामे आहेत. सुमॅक या वनस्पतीचा भौमितिक आकृतिबंध तेथे खिडक्या, दारे व दिवे यांना एका सूत्रात बांधतो.

श्रेयाचा प्रश्न :
टिफनींच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अनेक दिव्यांची रचना क्लारा ड्रिस्कॉल यांनी केली होती. त्या टिफनींच्या कारखान्यातील महिला काचकर्तन विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या पत्रांच्या आधारे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने २००७ मध्ये प्रदर्शन भरविले, तेव्हा हे सत्य सर्वदूर पोहोचले.

समारोप :
अभिरुची बदलताच ही काच उपेक्षित झाली. व्हाइट हाउसमध्ये १८८२ साली बसविलेला टिफनींचा काचपडदा १९०२ च्या नूतनीकरणात काढण्यात आला. घरापासून तोडलेला काचपट संग्रहालयात सुरक्षित राहतो; मात्र कोणत्या दिशेचा प्रकाश, कोणत्या खोलीसाठी, हा त्याचा संदर्भ हरवतो. म्हणून काचेच्या जतनाबरोबर तिच्या स्थानाची व ती घडविणाऱ्या हातांची नोंद होणेही तितकेच अगत्याचे आहे.