वस्तीवरील घराची बॅटरी: निवड, निगा व बदल

गांवठाणापासून दूर, शेतांत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास विजेचा भरंवसा थोडा. म्हणून इन्व्हर्टर व बॅटरी, आणि अलीकडे छपरावर सौर पॅनेल, हीं पुष्कळ घरांत दिसूं लागलीं आहेत. परंतु पांच-सहा वर्षें चालावयाची बॅटरी दोन वर्षांतच निकामी झाली, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. दोष बहुधा दुकानदाराच्या माथीं जातो. आमच्या मतें बॅटरी आपण होऊन क्वचितच मरते. चुकीची निवड, अपुरें भरणें व अति उपसा यांनीं ती मारली जाते.

प्रथम जात ओळखावी. शिशाची बॅटरी फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं तयार केली. शिशाच्या प्लेटी व पाणी घातलेलें गंधकाम्ल हें तिचें मूळ तत्त्व आजही तेंच आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लेटी पातळ व संख्येनें पुष्कळ असतात, कारण इंजिन फिरविण्यापुरता मोठा प्रवाह कांहीं सेकंदच द्यावयाचा असतो. घराच्या बॅटरीनें तासन् तास थोडथोडा प्रवाह द्यावयाचा असतो. म्हणून तिच्या प्लेटी जाड, किंवा ट्यूब्युलर म्हणजे नळ्यांच्या जातीच्या, असाव्या लागतात. ट्रॅक्टरची बॅटरी घरास लावणें म्हणजे शर्यतीचा खोंड नांगरास जुंपण्यासारखें आहे. दोघेही बैलच, पण काम निराळें.

मग आपली गरज मोजावी. ९ वॅटचे चार दिवे पांच तास जळले तर १८० वॅट-तास खर्च होतात. जुन्या पद्धतीचे ७५ वॅटचे दोन पंखे सहा तास चालले तर ९००, व ५० वॅटचा टेलिव्हिजन दोन तास चालला तर १००. एकूण १,१८०. इन्व्हर्टर व तारा यांतील तुटीकरितां चौथा हिस्सा वाढविला म्हणजे सुमारें १,४७५ होतात. आतां १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची खरी. परंतु शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक उपसूं नये. म्हणजे हातीं ९०० च राहतात, आणि वरील घरास दोन बॅटऱ्या लागतात. तेच दोन पंखे ३० वॅटच्या नव्या बीएलडीसी जातीचे बसविले तर एकूण गरज ६४०, व तुटीसह ८०० वर येते. एकच बॅटरी पुरते. यास्तव दुसरी बॅटरी घेण्यापूर्वीं आधीं पंखे पाहावे.

खरेदीच्या वेळीं अंकाबरोबर त्यापुढील खूणही वाचावी. ‘सी-१०’ खुणेची १५० ची बॅटरी दहा तास १५ अँपिअर देते. ‘सी-२०’ खुणेची वीस तास साडेसात अँपिअर देते. ही दुसरी दहा तासांत उपसली तर १५० पुरे मिळत नाहींत. म्हणून एकाच खुणेच्या बॅटऱ्यांच्या किंमतींची तुलना करावी. तसेंच तयार झाल्याची तारीख पाहावी. दुकानांत दीर्घकाळ न भरतां पडलेली बॅटरी नवी म्हणून घेऊं नये.

आतां निगेविषयीं. उपसलेली बॅटरी तशीच राहिली तर प्लेटींवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण खडे जमतात व ते पुढें विरघळत नाहींत. निम्मी रिकामी झालेली १५० ची बॅटरी १५ अँपिअरनें पूर्ण भरण्यास साधारण आठ ते दहा तास लागतात, कारण शेवटचा भाग सावकाश भरतो. ज्या वस्तीवर वीज थोडे तासच येते, तेथें बॅटरी रोज अर्धपोटीं राहते. अशा ठिकाणीं मोठ्या बॅटरीपेक्षां भरण्याची सोय वाढविणें, म्हणजे एखादें सौर पॅनेल जोडणें, अधिक हिताचें. कांहीं तास स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारें १२.७ व्होल्ट दाखवील तर ती पूर्ण भरलेली, व १२.१ च्या आसपास दाखवील तर निम्मी रिकामी समजावी.

प्लेटी नेहमीं बुडालेल्या असाव्या. घालावयाचें तें डिस्टिल्ड पाणीच. विहिरीचें पाणी किंवा नवें आम्ल घालूं नये. उष्णतेनें आयुष्य झपाट्यानें घटतें, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं बॅटरी ठेवूं नये. भरतांना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. तेव्हां जागा हवेशीर असावी, आणि कडब्याची गंजी व चूल यांपासून दूर असावी.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचें मूळ संशोधन टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं केलें व तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. ही बॅटरी वजनानें हलकी असते, शेंकडा ८० पर्यंत उपसली तरी चालते, तिला पाणी लागत नाहीं, व अर्धवट भरण्यानें ती बिघडत नाहीं. त्यामुळें थोड्या तासांच्या विजेस ती विशेष सोईची. किंमत मात्र अधिक. जुना इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीस अधूनमधून १५ व्होल्टांहून अधिक दाब देत असेल तर तो या बॅटरीस घातक होय. इन्व्हर्टरमध्यें लिथियमची सोय असल्याखेरीज ती घेऊं नये.

शिशाची बॅटरी बदलण्यापूर्वीं ती पूर्ण भरून प्रत्येक घटाचें विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरनें तपासावें. एखादा घट इतरांहून ०.०५ नें खालीं राहिला तर तो गेला असें समजावें. जोडीपैकीं एक बिघडली असतां, दुसरी जुनी असल्यास, दोन्ही एकदमच बदलाव्या. जुनी नव्या जोडीदारणीस आपल्याबरोबर खालीं ओढते. काम करतांना प्रथम सौर पॅनेल व इन्व्हर्टर बंद करावे, हातांतील अंगठी-कडें उतरावें, ऋण टोकाची तार आधीं सोडावी व जोडतांना ती शेवटीं लावावी.

जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्यास देऊं नये, व तिचें आम्ल बांधावर ओतूं नये. शिसें एकदां जमिनींत व विहिरींत गेलें कीं तें काढतां येत नाहीं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती विक्रेत्याकडेच द्यावी, नव्या बॅटरीच्या किंमतींत तिचें मोल वजा करून घ्यावें, व खरेदीच्या तारखेची पावती जपून ठेवावी.