विजेची मोटार : टायरवाल्याचे काम वाढणार

सुरत-धुळे महामार्ग आपल्या जिल्ह्यात नवापूर, विसरवाडीवरून जातो. या रस्त्यावर आता विजेच्या मोटारीही धावतात. त्यांना इंजिन ऑइल लागत नाही, त्यामुळे मेकॅनिकचे काम घटते. टायरवाल्याचे मात्र वाढते. बॅटरीमुळे गाडी जड होते आणि पॅडल दाबताच चाकाला एकदम जोर मिळतो. ताकदवान गाडीचे रबर तर फार लवकर झिजते, त्यातही मोटर जोडलेल्या चाकांचे अधिक.

आपल्याकडे बारमाही एकच टायर चालतो. झीज उन्हाळ्यात खपून जाते. पावसात खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी घसरते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली की टायर बदलावाच.

कारागिरांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॅटरी गाडीच्या तळाशी असते, म्हणून जॅक ठरलेल्या जागीच लावावा. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल सुचवावी. हवा टायर थंड असताना, गाडीवरील पट्टीप्रमाणे भरावी. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भार पेलणारा नसावा. स्वस्ताईपायी तसा दिल्यास गिऱ्हाइकाचा जीव आणि दुकानाची पत दोन्ही धोक्यात येतात. हे काम आजच शिकून घेतले, तर उद्याचा धंदा आपल्या हाती राहील.