संमतिपत्रावर सही करण्याआधी

"सिस्टर, हे नाही केलं तर चालेल का?" राउंड संपवून डॉक्टर गेले आणि सोबतचं माणूस औषधं आणायला खाली उतरलं, की बायका हा प्रश्न विचारतात. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना तो मी सतत ऐकत आले. उत्तर सरळ आहे: हो, चालेल. कर्करोगामुळे काढलेल्या स्तनाची पुनर्रचना, म्हणजे वॉर्डच्या भाषेत रिकन्स्ट्रक्शन, केल्याने कर्करोग बरा होत नाही आणि न केल्याने तो वाढत नाही. जीव वाचवण्यासाठीचं हे ऑपरेशन नाही. म्हणूनच ते करायचं की नाही हे बाईनेच ठरवायचं, आणि त्यासाठी तिला सगळं आधी कळायला हवं.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असाव्यात, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे.

रिकन्स्ट्रक्शनच्याही आधी एक प्रश्न विचारावा: पूर्ण स्तन काढायलाच हवा का? गाठ लहान असेल तर ती आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून पुढे रेडिएशन, म्हणजे बायका ज्याला 'शेक' म्हणतात तो, देता येतो. मिलान आणि अमेरिका इथल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. योग्य रुग्णांमध्ये स्तन वाचवूनही आयुष्य कमी होत नाही, हे त्यांतून दिसलं. प्रत्येकीला ते शक्य नसतं, पण विचारल्याशिवाय राहू नये.

इम्प्लांटचा मार्ग

स्तन काढावाच लागला तर पुनर्रचनेचे मुख्य मार्ग दोन. पहिला इम्प्लांटचा, म्हणजे छातीत कृत्रिम पिशवी बसवण्याचा. हे ऑपरेशन तुलनेने लहान, आणि अंगावर दुसरीकडे जखम होत नाही. बऱ्याचदा काम दोन टप्प्यांत होतं. आधी छातीत एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी ठेवतात. जखम भरली की ओपीडीत दर आठ-पंधरा दिवसांनी सुईने तिच्यात सलाइन भरतात आणि कातडी हळूहळू ताणतात. काही महिन्यांनी पिशवी काढून कायमचं इम्प्लांट बसवतात. बाहेरगावच्या बाईला मी या फेऱ्यांचा हिशोब आधीच करायला सांगते: एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडणारी रोजी, केमोच्या तारखा.

इम्प्लांट 'कायमचं' म्हटलं तरी ते जन्मभर पुरेल असं धरू नये. जंतुसंसर्ग झाला तर काढावं लागू शकतं. शरीर त्याच्याभोवती आवरण तयार करतं. काही जणींत ते आवळत जातं, मग छाती कडक होते, दुखते, आकार बिघडतो. रेडिएशन झालं असेल किंवा पुढे होणार असेल तर हा त्रास वाढतो. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फुटलं तर बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने तपासणी करावी, अशी अमेरिकेच्या एफडीएची शिफारस आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे क्वचित लिम्फोमा नावाचा एक प्रकारचा कर्करोग होतो. त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. इम्प्लांटसोबत मिळणारं कार्ड आधार कार्डाइतकं जपा. वर्षं उलटल्यावर एका बाजूला सूज आली तर वाट न पाहता दाखवा.

स्वतःच्या अंगातून

दुसऱ्या मार्गात बाईच्याच शरीरातून मांस किंवा चरबी घेऊन छातीला आकार देतात. याला फ्लॅप म्हणतात. पाठीचा रुंद स्नायू त्याच्या रक्तपुरवठ्यासह काखेखालून पुढे आणता येतो. हा भरवशाचा फ्लॅप आहे, पण पाठीत पाणी साठू शकतं आणि खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. कार्यालयात बसून काम करणारीला ते जाणवणारही नाही. डोक्यावर भारे वाहणारीला, पाण्याचे हंडे उचलणारीला जाणवू शकतं. म्हणून डॉक्टरांना आपलं रोजचं काम नीट सांगावं. "घरीच असते" एवढ्यावर थांबू नये.

पोटाचा फ्लॅप आज अधिक पसंत केला जातो. डीआयईपी या प्रकारात बेंबीखालची कातडी आणि चरबी घेतात, पोटाचा स्नायू जागेवर ठेवतात. चरबीतली बारीक रक्तवाहिनी छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. ऑपरेशन सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त चालतं. सिझेरियनचा व्रण असला तरी बहुधा अडत नाही, पण आधी स्कॅन करून रक्तवाहिन्या बघतात. पोटाचा हा फ्लॅप आयुष्यात एकदाच घेता येतो.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र परिचारिकेची असते. दर तासाला फ्लॅपचा रंग बघायचा, हाताने ऊब बघायची, डॉपलर लावून रक्ताचा आवाज ऐकायचा. फ्लॅप फिका आणि गार पडला तर रक्त येत नाही. निळसर आणि ताठ झाला तर आलेलं रक्त परत जात नाही. दोन्हींत सर्जनला झोपेतून उठवायचं आणि बाईला पुन्हा थिएटरमध्ये न्यायचं. वेळेवर नेलं तर फ्लॅप वाचतो. अनुभवी हातांत पूर्ण फ्लॅप वाया जाणं विरळा, तरी ते घडतं. म्हणून डॉक्टरांना विचारा: अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता, आणि रात्री दोन वाजता गरज पडली तर इथे कोण असतं? हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. चांगला सर्जन त्याचं उत्तर मनापासून देतो.

पोटावरची जखम भरायला वेळ लागतो. काही आठवडे वजन उचलायचं नाही, कंबरेत वाकून चालावं लागतं. पोट पुढे येणं किंवा हर्निया होण्याची शक्यता थोडी असते. घरी स्वयंपाक कोण करणार, हे भरती होण्याआधी ठरवा.

न विचारलेल्या गोष्टी

"व्यसन आहे का?" असं विचारलं की बायका नाही म्हणतात. मग मी विचारते, "मावशी, मिश्री लावता का?" अनेक जणी लाजून हो म्हणतात, कारण मिश्रीला त्या व्यसन मानत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि कातडीच्या कडा काळ्या पडून मरतात. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी ती सोडायलाच हवी. मधुमेह आणि जास्त वजन हेही धोके वाढवतात. हे लपवण्यात फक्त बाईचंच नुकसान आहे.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. नव्या छातीला बहुधा पूर्वीसारखी जाणीव येत नाही. घरी सोडताना मी प्रत्येकीला बजावते: गरम पाण्याची पिशवी छातीवर ठेवायची नाही, शेगडीजवळ शेकत बसायचं नाही. भाजलं तरी कळत नाही. स्तनाग्र नंतर वेगळ्या छोट्या ऑपरेशनने किंवा गोंदवून करता येतं, तेही हवं असेल तरच.

खर्चाचंही बोलायला हवं. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण विमा नियामकाच्या नियमांनुसार कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत मोडत नाही. विमा कंपनीकडून तसं आधी लेखी घ्या. सरकारी योजनेतून उपचार असतील तर रिकन्स्ट्रक्शन त्यात बसतं का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा.

काहीच न करण्याचा मार्ग

छाती सपाट ठेवणं हाही पूर्ण, सन्मानाचा पर्याय आहे. त्यासाठीही कातडी नीट, गुळगुळीत शिवून द्या असं सर्जनला आधी सांगता येतं. ब्लाउजमध्ये सिलिकॉनचा किंवा सुती धाग्याने विणलेला पॅड घालता येतो, किंवा काहीही न घालता राहता येतं. एका ऑपरेशनमध्ये उपचार उरकून लवकर कामाला लागलेल्या समाधानी बायका मी पाहिल्या आहेत. रिकन्स्ट्रक्शननंतर साडी नेसताना पुन्हा मोकळं वाटलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. दोघींचाही निर्णय बरोबर होता, कारण तो त्यांचा होता.

मला राग येतो तो बाईला उत्तर देऊ न देणाऱ्यांचा. "या वयात कशाला?" म्हणणारा मुलगा आणि "करूनच घे" म्हणणारा नवरा, दोघेही तिच्या जागी बोलतात. तपासणीच्या वेळी पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. आणि ताई, त्या पाच मिनिटांत ठरलं नाही तर घाबरू नका. कर्करोगाचे उपचार लांबवू नका, पण रिकन्स्ट्रक्शन उपचार संपल्यावर, अगदी काही वर्षांनीही करता येतं. आज "अजून नको" म्हटल्याने उद्याचं "हो" हातचं जात नाही. तुमची खात्री झाली, की मग सही करा.