भूल उतरल्यानंतरची कळ

भूल उतरू लागली की टाक्यांच्या जागी ठणका सुरू होतो. कापलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये पाझरतात आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोके हळवी करतात. मग चादरीचा स्पर्श किंवा कुशीवर वळणेही सोसवत नाही. हे संदेश मज्जारज्जूवर आदळत राहिले तर तोही अधिक संवेदनशील होतो आणि तेवढ्याच जखमेची कळ जास्त जाणवू लागते. वेदना शिगेला पोचल्यावर तिच्यामागे औषध घेऊन धावण्यापेक्षा ती चढण्याआधीच आवरणे सोपे असते, ते यामुळे.

‘ऑपरेशन म्हटले की थोडे सोसायचेच,’ अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती घातक आहे. पोटाच्या वरच्या भागावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो. कफ साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, न्यूमोनियाला वाट मिळते. हालचाल टाळल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. नाडी आणि रक्तदाब वाढून दुबळ्या हृदयावर ताण येतो. काहींचे दुखणे जखम भरल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळते. सुरुवातीला तीव्र वेदना झालेल्यांना हा धोका अधिक असतो.

तापासारखी वेदना मोजता येत नाही. रुग्ण सांगेल तेच माप. त्याला ० ते १० मधला आकडा विचारतात: ० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढे दुखते. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. तान्ह्या बाळाचा चेहरा, पायांची हालचाल आणि रडणे पाहावे लागते. एकेकाळी नवजात बाळांना वेदना फारशी जाणवतच नाही असे मानून त्यांच्यावर अगदी तुटपुंज्या भुलीत शस्त्रक्रिया केल्या जात. १९८७ साली कंवलजीतसिंग आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले तर त्यांच्या शरीरावरचा ताण स्पष्टपणे कमी होतो. वैद्यकाने ही चूक सुधारायला इतका उशीर लावला, याची खंत वाटते.

एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडी थोडी द्यावीत, ही आजची पद्धत. डॅनिश शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात तिचा पुरस्कार केला. पाया पॅरासिटामॉलचा. ते मागितल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे द्यायचे. जोडीला डायक्लोफिनॅकसारखे सूज उतरवणारे औषध; मात्र मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्तस्रावाचा धोका असल्यास ते टाळतात. सोनोग्राफीत पाहून मज्जातंतूभोवती बधिरतेचे इंजेक्शन दिले की हात, पाय किंवा पोटाचा ठरावीक भाग कित्येक तास शांत राहतो. मोठ्या शस्त्रक्रियेत पाठीच्या कण्यात एपिड्युरलची बारीक नळी ठेवतात.

एवढ्याने भागले नाही तर मॉर्फीन, फेंटानिल. ‘सवय लागेल’ या भीतीने नातेवाईक ती नाकारतात. थोड्या दिवसांसाठी, देखरेखीखाली दिलेल्या डोसाने व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. खरी काळजी श्वास मंदावण्याची. म्हणून रिकव्हरी रूममध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतो आणि सिस्टर श्वास मोजतात, रुग्ण किती गुंगीत आहे तेही पाहतात. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्यांनी ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आधीच सांगावी. श्वास फारच मंदावला तर नॅलोक्सोन हा उतारा असतो. मळमळ, खाज आणि बद्धकोष्ठता हे त्रासही होतात. त्यांवर औषध मिळते.

काही रुग्णालयांत रुग्णाच्या हातात बटण असते. दाबले की ठरलेला छोटा डोस शिरेत जातो, मग यंत्र काही मिनिटे बंद राहते. गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही, यातच त्याची सुरक्षितता आहे. मायेपोटी नातेवाइकांनी ते दाबले की ती संपते.

खोकताना पोटावर उशी घट्ट धरणे, सुजलेला पाय उंचावर ठेवणे, हे साधे उपायही उपयोगी पडतात.

घरी गेल्यावर निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये; यकृताचा विकार किंवा कमी वजन असल्यास मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सर्दीच्या गोळ्यांतही ते असते, तेव्हा वेष्टनावरचे घटक वाचावेत. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, ताप आला, पोटरी सुजली किंवा प्लास्टरखाली औषधालाही न जुमानणारी कळ उठली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.