मुरुडचा कागद आणि रावसाहेब मंडलिक

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात गृहस्थांचा एक निराळाच वर्ग होता. गावाकडे वडिलोपार्जित जमीन, लंडनला पार्लमेंटात जागा, आणि उरला वेळ जुनी देवालये, थडगी नि दस्तऐवज धुंडाळण्यात घालवायचा. ब्राउन विलिस हा त्यांतलाच एक. १७०५ ते १७०८ पर्यंत तो बकिंगहॅमचा प्रतिनिधी होता आणि त्याच बकिंगहॅमचा इतिहास त्याने लिहिला. तो १७५५ साली छापून निघाला. राजकारणही करायचे आणि आपल्या मुलखाचे जुने कागदही वाचायचे, असे आपल्याकडे कोणी झाले का? झाले. ते म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक.

त्यांचा जन्म १८३३ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड गावचा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाले, काही वर्षे सरकारी नोकरी केली, मग मुंबईच्या हायकोर्टात वकिली. १८६४ साली त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' हे पत्र काढले. १८७४ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले, १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. हिंदू धर्मशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८८० चा. १८८९ साली ते वारले.

आता जुने शोधणे म्हटले की आपणा वसईकरांना आठवते ते सोपारे. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, ते टेकाड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले, तो आत बौद्ध स्तूप! दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, भोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत असेच ते होते.

मंडलिकांच्या हाती लागले ते इतके झगझगीत नव्हते. तो होता आपल्याच गावचा एक जुना कागद. मुरुड कसे वसले, याची हकीकत त्यात आहे. रान होते तिथे एका सिद्धपुरुषाच्या पुढाकाराने वस्ती कशी झाली, ती वाचायला मिळते. मंडलिकांनी तो कागद रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेतल्या विद्वानांपुढे मांडला, तोही १८६० च्या दशकात, म्हणजे इतिहास म्हणजे राजे आणि लढाया असे जेव्हा सर्रास मानले जाई तेव्हा. एका खेड्याचा जन्म हासुद्धा इतिहास आहे, हे त्यांना त्या वयात कळले. मला त्यांचे हे काम धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथाहून मोलाचे वाटते. अर्थात वकीलमंडळी हे मान्य करणार नाहीत!

पण एक बाजू झाकून चालणार नाही. त्या काळी दक्षिण कोकणात खोती होती. गावचा सारा सरकारात भरायचा खोताने, आणि कुळांकडून तो वसूल करायचाही त्यानेच. मग जमीन कोणाची? खोत म्हणे, माझी. सरकार म्हणे, तू वसूल करणारा. कूळ म्हणे, बाबांनो, कसतो मी! भांडण जुंपले की पुरावा म्हणून पुढे यायचे ते जुने कागदच. १८८० साली खोतीचा कायदा झाला, त्या वादात मंडलिक खोतांच्या बाजूने उभे राहिले. जुन्या दफ्तराचे ज्ञान आणि कौन्सिलातली खुर्ची, दोन्ही एका पारड्यात पडली.

म्हणून मुरुडचा कागद खोटा ठरत नाही. मात्र असा कागद वाचताना, तो लिहिला कोणी आणि त्यात नाव कोणाचे नाही, हे पाहावे लागते. सनदा, करार, हक्काचे कागद जपले जातात ते ज्याच्या घरी पेटी असते त्याच्याकडे. कुळाच्या झोपडीत कसली पेटी! शिक्षकबंधूंनी मुलांकडून गावची माहिती गोळा करविताना मोठ्या वाड्यातल्या कागदांबरोबर शेतांची नावे, पाणवठे, सीमेचे दगड हेही टिपवून घ्यावेत. ज्यांच्याकडे लिखित काही नाही त्यांची आठवण बऱ्याचदा अशा नावांतच राहते.

खोतीचा प्रश्न पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतला. त्यांच्या लहानपणाचा काही काळ दापोलीतच गेला होता, मुरुडपासून थोड्याच अंतरावर. खोती मोडण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात आणले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, मंडलिकांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी.