पोटाचे मर्दन व मलावरोध

सकाळी शाळेच्या घाईत पुष्कळ मुले शौचाचा वेग दाबून धरतात आणि पुढे त्रास झाला तरी लाजेने घरी सांगत नाहीत. थांबलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, मळ कठीण होतो व मलावरोध जडतो. महात्मा गांधींनी स्वतःच्या मलावरोधाची हकीकत आत्मचरित्रात निःसंकोच लिहिली आहे. १९४६ साली पुण्याजवळील उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचाराचे कार्यही आरंभिले. मग आपणच का लाजावे?

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. ते उजव्या कुशीतून वर चढते, बरगड्यांखालून आडवे जाते व डावीकडून खाली उतरते. मर्दनाची दिशाही हीच असावी. उताणे निजून गुडघे वाकवावेत आणि तळहाताने बेताचा दाब देत दहा मिनिटे पोट चोळावे. जेवणानंतर लगेच मात्र चोळू नये.

पोटात तीव्र वेदना, ताप, वांती किंवा शौचातून रक्त असल्यास मर्दन करू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. गरोदर स्त्रिया, अंतर्गळाचे रोगी व नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनीही डॉक्टरांना विचारल्याविना हा उपाय करू नये.

मर्दन हा केवळ साहाय्यक उपाय होय. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि आपल्या सौंसरची संत्री रस न काढता फोडींसह खाणे, हा खरा पाया. आणि वेग आला की उठावे. शाळेची घंटा क्षणभर थांबेल, शरीराची थांबत नाही.