बोंडअळी, मेंडेल आणि शेजाऱ्याचा बांध

नव्या जैवतंत्रज्ञानाच्या नैतिकतेवर शाळेत चर्चा घ्यायची म्हटली की बहुधा वक्तृत्व स्पर्धेतला विषय पुढे येतो: 'जनुकीय पिके: शाप की वरदान'. दोन बाजू, तीन-तीन मिनिटे, शेवटी टाळ्या. अशा चर्चेला विज्ञान लागतच नाही. पाठ केलेली वाक्ये पुरतात. परभणी जिल्ह्यात हा विषय असा वाया घालवणे जास्तच खेदाचे आहे. मानवत, सेलू, पाथरीकडच्या वर्गात बसलेल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असतो आणि तो जवळजवळ सगळा बीटीच असतो. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे आणि जैवतंत्रज्ञानाची ओळखही आहे. दहावीत पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञानाचे प्रकरण बीटी कापसापासून मूलपेशींपर्यंत जाते. धड्यातले जीवशास्त्र नीट वापरले तर नैतिक प्रश्न नेमका कुठे उभा राहतो ते त्यातूनच दिसते.

चर्चेत सर्वांत आधी येणारा आक्षेप असतो तो निसर्गात ढवळाढवळ केल्याचा. त्याची परीक्षा घ्यायला परभणीची भेंडी पुरेशी आहे. इथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना 1972 ची. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाने 1980 च्या दशकात 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण दिला. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाने तेव्हा भेंडीचे पीक हातचे जात होते. नेहमीची भेंडी आणि तिच्याच प्रजातीतली एक निराळी रानटी जाती यांचा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत संशोधकांनी रोगाला न बधणारा वाण मिळवला. म्हणजे एका जातीची जनुके दुसरीत आली, माणसाने मुद्दाम आणली, आणि ती भेंडी देशभर लोकांनी खाल्ली. त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. मग बीटीत वेगळे काय? जिवाणूचे जनुक वनस्पतीत येणे संकराने कधीच शक्य नव्हते, हा एक फरक. आणलेली जनुके मोजकी असून ती नेमकी माहीत आहेत, तर संकरात हजारो जनुकांची सरमिसळ होते, हा दुसरा. आणि तो उलट दिशेला झुकतो. 'अनैसर्गिक' या शब्दावर अडलेली चर्चा इथे पुढे सरकते. कोणता फरक महत्त्वाचा मानायचा आणि का, हे मुलांना सांगावे लागते.

बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली ती 26 मार्च 2002 रोजी. मातीत सापडणारा 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. बोंडअळीच्या पोटात गेल्यावर ते तिच्या आतड्याला भोके पाडते; माणसाच्या किंवा गुराच्या आतड्यात त्याला चिकटायला जागा नसते. हे प्रथिन बनवणारे जनुक जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर कापसाच्या संकरित वाणांत आणले. 2006 पासून दोन जनुकांचे 'बोलगार्ड-2' आले आणि काही वर्षांतच देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खूप कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळीने मात्र डाव उलटवला. पहिल्या जनुकाला ती दाद देत नसल्याचे 2010 मध्ये गुजरातेतून जाहीर झाले, नंतर दुसऱ्याचीही तीच गत झाली. 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडे फोडली की आत अळी आणि किडकी सरकी, अशी अवस्था होती.

वर्गातल्या चर्चेचा खरा गाभा इथेच आहे. त्यासाठी फळ्यावर मेंडेलच्या संकराचा चौकोन काढावा लागतो.

बीटीला न जुमानण्याचा गुण अप्रभावी जनुकामुळे येतो असे धरले, तर अशी दोन जनुके असलेलीच अळी बीटी खाऊन जगते. अशा अळ्यांपासून झालेल्या दोन पतंगांचे मीलन झाले तर सगळी संतती तशीच निघणार. पण त्यांच्यातल्या एखाद्याला साधा पतंग जोडीदार मिळाला, तर संततीत प्रत्येकीकडे एक प्रभावी जनुक येते आणि ती अळी बीटीवर मरते. म्हणून साधे पतंग टिकून राहणे हिताचे असते, आणि ते टिकावेत म्हणून बीटीच्या कडेने नॉन-बीटी कापूस लावायचा असतो. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची ती याचसाठी. गावात तिला 'रेफ्युजी' म्हणतात. पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त असेल तेवढे लावावे, असा नियम होता. बहुतेकांनी पुडी बांधावर टाकली किंवा फेकून दिली.

याचा नैतिक हिशेब साधा नाही. दोन एकरवाल्याने वीस टक्के रान अळीसाठी सोडले तर तोटा त्याचा एकट्याचा आणि फायदा पंचक्रोशीचा. त्याने ते सोडले नाही तर फायदा त्याचा आणि तोटा पुढच्या काही वर्षांत सगळ्यांचा. पतंगाला बांध कळत नाही. हीच गोष्ट फरदडीची. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते आणि शेजाऱ्याच्या पुढच्या पिकात ती तयारच असते. फरदड घेऊ नका, हा सल्ला विद्यापीठ वर्षानुवर्षे देत आले आहे. पण शेवटच्या वेचणीचे चार पैसे ज्याच्या घरी लग्नाला किंवा फीला लागणार आहेत, त्याला नुसता बेजबाबदार ठरवणे हे वर्गात बसून फार सोपे आहे.

दोष शेतकऱ्यापाशी संपतही नाही. द्विसंकराचे 9:3:3:1 हे गुणोत्तर मुले वाटाण्यावर शिकतात; ते कापसाच्या बोंडातही सापडते. भारतात बीटी कापूस संकरित वाणांतूनच आला. दोन्ही जनुके एकाच पालकाकडून आलेली असतील, तर शेतातल्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढची पिढी असते. तिच्यात जनुके विभागली जातात आणि सोळातल्या एका सरकीत बीटीचे एकही प्रथिन नसते. इतर काहींत एकच असते. गुलाबी बोंडअळी खाते ती सरकीच. म्हणजे अळीला कमीजास्त मात्रेची सवय लावणारी व्यवस्था बोंडातच होती. जगात इतरत्र बहुतांशी सरळ वाणांत बीटी आहे, तिथे असे विभाजन होत नाही. संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते, म्हणजे कंपनीचा व्यवसाय त्यावरच चालतो. परभणीच्या विद्यापीठाचे 'परभणी तुराब'सारखे देशी कापसाचे सरळ वाण आहेत. त्यांची सरकी शेतकरी पुढच्या वर्षी पेरू शकतो. बियाण्याची रचना कुणाच्या सोयीने ठरली, हा प्रश्न इथे मेंडेलच्या तक्त्यातूनच निघतो. नववीच्या मुलाला तो पेलतो.

तणनाशकाला न बधणाऱ्या कापसाचे प्रकरण आणखी अवघड आहे. या एचटीबीटीला देशात परवानगी नाही, तरी 'चोर बीटी' म्हणून तो पेरला जातो. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. पर्यावरण संरक्षण कायद्यात त्या वेळी अशा कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती. शेतकऱ्याची बाजू खुरपणीच्या खर्चाची आणि वेळेवर मजूर न मिळण्याची. पण खुरपणी बहुतेक बायाच करतात आणि कित्येक घरांत तीच रोख मजुरी असते. एकाच बाकावर ज्याच्या बापाला खुरपणी परवडत नाही तो मुलगा आणि जिची आई खुरपणीला जाते ती मुलगी शेजारी बसलेली असतात. त्यात बेकायदा बियाण्याची पावती नसते, त्यामुळे ते उगवले नाही तर दाद मागायला जागा नाही. एवढा गुंता असताना 'शाप की वरदान' विचारणे हा विषयाचा अपमानच.

चर्चा कशा स्वरूपात घ्यावी याचा एक नमुना बीटी वांग्याने दिला आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने त्याला मान्यता दिली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरही होते. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने तेच वांगे 2013 मध्ये मंजूर केले आणि तिथे ते पिकते. वर्गात अशी सुनावणी भरवता येते: कुणी बियाणे कंपनीचा, कुणी वांगी विकणारी, कुणी डॉक्टर, कुणी कीटकशास्त्रज्ञ. वादविवादापेक्षा ही पद्धत सरस ठरते, कारण इथे कुणी जिंकायचे नसते. मंत्र्याच्या खुर्चीतल्या मुलीला निर्णय द्यावा लागतो आणि त्याची कारणे लिहावी लागतात. बोलणाऱ्याला एकच अट घालावी. आपले म्हणणे तपासून ठरवता येण्याजोगे आहे की मूल्याचे आहे, हे त्याने आधी सांगायचे. 'बीटी वांगे खाऊन माणसाला अपाय होतो' याचे उत्तर प्रयोगांत मिळते. 'थोडी शंका असली तरी थांबावे' याचे उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. बहुतेक भांडणे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्याने होतात. गुणही या वेगळेपणाला द्यावेत, मताला नव्हे.

माणसावरच्या तंत्रज्ञानाकडे वळले की ही सुनावणी प्रत्येक ठिकाणी चालत नाही. गर्भलिंगनिदानाला दोन बाजू मानून मुलांना वाद घालायला लावणे चूक ठरेल. महाराष्ट्राने त्यावर 1988 मध्ये देशातला पहिला कायदा केला, पाठोपाठ 1994 मध्ये केंद्राचा आला. तरीही 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 807 मुलीच होत्या. वर्गातल्या मुलींनी आपल्या जन्माचा बचाव करावा, अशी वेळ त्यांच्यावर आणू नये. इथे विचारायचा प्रश्न निराळा आहे: रोग ओळखण्यासाठी बनवलेले सोनोग्राफीचे यंत्र हत्यार कसे झाले, आणि कायदा असून ते का थांबले नाही. गर्भातल्या दोषांच्या चाचण्यांवर बोलतानाही, वर्गात एखादे मूल तोच आजार घेऊन बसलेले असू शकते, हे शिक्षकाने धरूनच चालावे.

जनुक-संपादनाने हे सगळे पुन्हा एकदा हलवले आहे. क्रिस्पर या जनुकीय कात्रीसाठी इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चे नोबेल मिळाले. त्याआधी 2018 मध्ये चीनच्या हे जियानकुई याने संपादित गर्भांतून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले होते. पुढे त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींची संमती कुणी घेतली होती, हा प्रश्न आठवीतले मूलही विचारते. पिकांत मात्र चित्र वेगळे आहे. भारताने मार्च 2022 मध्ये परके जनुक न उरणाऱ्या संपादित पिकांना जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे 2025 मध्ये 'कमला' व 'पुसा डीएसटी राइस 1' हे दोन संपादित भाताचे वाण जाहीर झाले. त्यांच्यात जिवाणूचे जनुक नाही, म्हणजे बीटीच्या वेळचा 'परक्या जनुका'चा आक्षेप इथे लागू पडत नाही. ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण परभणीच्याच विद्यापीठाने 2018 मध्ये निव्वळ पारंपरिक निवडीने दिला होता. उद्या तसाच वाण कात्रीने चार वर्षे आधी मिळाला, तर पिशवीवर तसे छापावे का, तंत्रावरच्या पेटंटचे पैसे बियाण्याच्या किमतीत कुणी भरावेत, आणि त्याची ज्वारी शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येईल का, हे पुढच्या सुनावणीचे तीन प्रश्न आहेत.